नाहीची यादी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की घरोघरी याद्या सुरू होतात. फराळाची यादी, किराणाची यादी, कुणाकुणाला कपडे घ्यायचे त्याची यादी. आमच्या सांगलीच्या घरातही त्या होतात. पण त्यांच्या जोडीला आमच्याकडे आणखी एक यादी होते, आणि ती पाहून नवा माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. आमची सूनबाई लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तीही अशीच गोंधळली होती. स्वयंपाकघरात फळीच्या खिळ्याला एक कागद अडकवलेला होता. त्यावर लिहिले होते : 'शिडीला तिसरी पायरी नाही. विजेरीत सेल नाहीत. मागच्या दाराला आतून कडी नाही.' तिला वाटले, सासूबाई आल्या-आल्याच गाऱ्हाणी मांडून बसल्या! हळूच मला म्हणाली, "आई, हे सगळं आणायचं आहे का?" मी म्हटले, "आणायचं तर आहेच. पण आणीपर्यंत ते घरात नाही, हे सगळ्यांना ठाऊक हवं. म्हणून लिहिलंय."

ही आमची 'नाहीची यादी'. दिवाळीचा फराळ डब्यात जाऊन पडला, की आम्ही सगळे एका संध्याकाळी बसतो आणि थंडीच्या दिवसांत दिवे गेले तर घरात काय काय नाही, ते एकेकाने सांगायचे. जो सांगेल त्याला कुणी रागवायचे नाही, हा एकच नियम. नियम माझा नव्हे, माझ्या वडिलांचा. तो त्यांनी कसा घातला आणि त्याची किंमत त्यांनी काय मोजली, ते आज सांगावे म्हणते. एक्याऐंशी वर्षे झाली. आता लपवून तरी काय करायचे?

माझे माहेर साताऱ्याचे. मंगळवार पेठेत आमचा जुना दगडमातीचा वाडा होता. पुढे अंगण, मग सोपा, सोप्यातून दोन दगडी पायऱ्या चढून माजघर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते शाळामास्तर होते. उभ्या जन्मात त्यांना दोनच व्यसने : पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जायचे, आणि घरातली प्रत्येक वस्तू तिच्या जागी ठेवायची. आमच्या वाड्यात 1956 साली वीज आली. आजीने नव्या दिव्याला हळदकुंकू वाहिले आणि बटणाला हात लावायला मात्र साफ नकार दिला. सगळ्या आळीने आपापले कंदील माळ्यावर टाकले. अण्णांनी टाकला नाही. म्हणाले, "वीज पाहुणी आहे. पाहुणी बरी वागते म्हणून घरच्या माणसाला हाकलून द्यायचं नसतं."

आमचा कंदील होता 'प्रभाकर', कराडजवळच्या ओगलेवाडीचा. आजच्या मुलांना त्या नावाचे काही वाटणार नाही; पण एके काळी सबंध मुलखात शेतकऱ्याच्या गोठ्यापासून स्टेशनमास्तरच्या टेबलापर्यंत हाच कंदील असे. ओगल्यांचा तो काचकारखाना बंद पडूनही आता कितीतरी वर्षे झाली. कंदील म्हणजे साधी वस्तू, पण तिच्यात केवढी अक्कल! खाली तेलाची टाकी, वर वात, दोन्ही बाजूंनी वाकवलेल्या नळ्या, आणि मध्ये ती पोटुशी काच. नळ्यांतून ज्योतीला हवा मिळते. पण वारा लागत नाही, तो काचेमुळे. काच काढली, की तोच कंदील धुराचे भांडे होतो. ज्योत पिवळी पडते, भडकते, काजळी ओकते आणि पहिल्या झुळकेला विझते.

मार्गशीर्ष लागला, की अण्णांची तयारी सुरू होई. वात सरळ कापून तिची टोके किंचित उतरती करायची, म्हणजे ज्योतीला शिंगे फुटत नाहीत. तेल टाकीत तीन बोटे कमी भरायचे. काच राखेने घासून, मग जुन्या वर्तमानपत्राने पुसायची. दाराच्या उजव्या खुंटीला कंदील, त्याखालच्या कोनाड्यात झाकणाच्या डबीत काड्यापेटी. मग आम्हां भावंडांना डोळे मिटून त्या खुंटीपर्यंत चालत जायला लावीत. आम्हांला तो खेळ वाटे. एक गोष्ट ते बजावून सांगत : "तापलेल्या काचेला पाणी लावू नका. काच शांत झाली, की मगच हात."

माझे लग्न 1964 साली झाले आणि मी कृष्णेच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला, सांगलीला आले. पहिल्या बाळंतपणासाठी 1967 च्या नोव्हेंबरात माहेरी गेले. त्या वर्षी साताऱ्यात एकच विषय चालू होता : धरणीचे हादरे. कोयनेचे धरण झाले, मागे शिवाजीसागर भरू लागला, 1962 साली पोफळीच्या वीजघरातून वीज वाहू लागली, आणि त्याच सुमाराला कोयनेच्या बाजूला जमीन अधूनमधून गुरगुरू लागली होती. त्या सप्टेंबरात तर एक चांगला जोराचा धक्का बसून गेला होता. तरी माणूस कशालाही सरावतो. फडताळातली भांडी किणकिणली, की आजी म्हणे, "कोयनामाई कूस वळतेय," आणि पुन्हा माळ ओढू लागे.

10 डिसेंबरला रविवार होता. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास दिवे गेले. अण्णांनी कंदील लावला. दिवे आले, तसा तो विझवून ते देवळात कीर्तनाला गेले. दत्तजयंती पाच-सहा दिवसांवर आली होती. मी नऊ महिन्यांची गरोदर. मला कुणी काडी उचलू देत नव्हते. बसून बसून कंटाळलेली. काचेवर काजळी धरलेली दिसली. म्हटले, एवढे तरी करावे. काच काढली, मोरीत नेली आणि तांब्यातले गार पाणी वर ओतले. 'टच्' असा एवढासा आवाज झाला. हातात काचेचे तीन तुकडे!

वाचकहो, खरे सांगते, त्या क्षणी मी तेवीस वर्षांची लेकुरवाळी होऊ घातलेली बाई नव्हते. आठ वर्षांची पोर झाले होते. अण्णा मारणार नव्हते, ओरडणारही नव्हते. नुसते म्हणाले असते, "सांगितलं होतं ना?" तेच मला नको होते. आईलाही बोलले नाही. तुकडे फडक्यात गुंडाळून जात्याच्या मागे सारले. कंदील तसाच बिनकाचेचा खुंटीला अडकवला. खुंटी दाराआड, तिथे उजेड बेताचाच. कुणाच्या लक्षात येणार? मनाशी ठरवले, उद्या सोमवार. दुकाने उघडली, की धाकट्या भावाला चार आणे खाऊला देऊन गुपचूप नवी काच आणवू. एका रात्रीचा तर प्रश्न!

ती एकच रात्र निघाली.

11 डिसेंबर 1967. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. वेळ अर्थात मागाहून कळली. आधी आवाज आला. घाटातून भरलेल्या मालमोटारी एकामागून एक याव्यात तसा. मग खाट सरकली. मांडणीवरची भांडी धडाधड कोसळली, आढ्याची माती तोंडावर पडू लागली, कौले अंगणात फुटू लागली. आईने मला दंडाला धरून उठवले. भावाने बटण दाबले. खट् झाले, दिवा लागला नाही. नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर मावळला होता. डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख.

"अंगणात चला!" अण्णांचा आवाज आला. मला आणि आईला त्यांनी सोप्याबाहेर काढले. मग म्हणाले, "आई आत आहे," आणि उजव्या हाताला वळले. ते कुठे वळले, ते मला न दिसताही कळले. खुंटीकडे. माझ्या पोटात धस्स झाले. ओरडून सांगायला हवे होते. पण तोंडातून शब्द फुटेना. कोनाड्यातली डबी उघडल्याचा आवाज ऐकला. काडी ओढली. त्या उजेडात मला अण्णांचा चेहरा दिसला. अंगठा खटक्यावर, काच वर उचलायला. आणि काच नाही! क्षणभर ते नुसते पाहत राहिले. मग उघडी वात पेटवली. आतून धुळीचा लोट आला आणि वात विझली. दुसरी काडी, पुन्हा तेच. तिसरी काडी त्यांनी ओढली नाही. कंदील खाली ठेवला आणि अंधारातच आत गेले.

माजघराच्या पायरीवर भिंतीतला एक दगड निखळून पडला होता. अण्णांना घरातला प्रत्येक दगड पाठ होता. पण हा त्या जागचा नव्हता. त्यांचा पाय त्यावर पडला आणि घोटा वळून मोडला. आजी आत दाराच्या चौकटीत माळ घेऊन सुखरूप बसली होती. तिने हाक मारली, "अरे, मी इथं आहे. तू का धावतोस?" शेजारचे दोघे आणि माझा भाऊ यांनी दोघांनाही बाहेर काढले.

उजाडले तेव्हा आळीतली सगळी माणसे वाकळा पांघरून अंगणात बसली होती. विजेवरचा रेडिओ मुका होता. शेजारच्या घरी सेलवरचा ट्रान्झिस्टर होता, त्याच्याभोवती सगळे जमले. हळूहळू बातमी कळू लागली. साताऱ्याहून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही दूर नसलेल्या कोयनानगरात घरेच्या घरे भुईसपाट झाली होती. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. धरणाच्या अंगावर चिरा पडल्या, पण ते उभे राहिले. म्हणून कृष्णाकाठची आमच्यासारखी लाखो माणसे वाचली. कोयनेची वीज थांबली तशी पार मुंबईच्या कारखान्यांची चाके थांबली. त्या बातमीपुढे एका मास्तरांचा घोटा म्हणजे काय? कुणी त्याची वास्तपुस्त करायला जावे, तर अण्णाच म्हणत, "अहो, तिकडे पाहा, माणसं गाडली गेली आहेत." पण मला तर त्या सगळ्या मोठ्या दुःखाच्या खाली माझे ते तीन तुकडेच टोचत होते.

घोटा दवाखान्यात बांधला, तो वाकडाच बसला. अण्णा पुढे वीस वर्षे जगले. शाळेत काठी टेकत गेले, बाजारात गेले, माझ्याकडे सांगलीला आले. अजिंक्यताऱ्यावर मात्र पुन्हा कधी गेले नाहीत. पहाटे उठून अंगणात उभे राहत आणि किल्ल्याकडे तोंड करून नमस्कार करीत. मी माहेरी असले, की गादीवरून ते पाहत असे आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेत असे.

4 जानेवारीला मला मुलगा झाला. जमिनीचे हादरे थांबले नव्हते. बाळंतिणीची खोली म्हणजे अंगणात ताडपत्रीचा आडोसा, एक शेगडी आणि एक कंदील. त्याला नवी काच होती. ती कुणी आणली, हे मी विचारले नाही. बाराव्या दिवशी बारसे झाले. बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. अण्णा पाय लांब करून खुर्चीवर बसले होते, मांडीवर नातू. मला राहवेना. मी जवळ जाऊन म्हटले, "अण्णा, ती काच माझ्या हातून फुटली."

ते नातवाकडेच पाहत म्हणाले, "ठाऊक आहे मला. जात्यामागचे तुकडे मीच काढले. तुझ्या आईच्या हाताला लागले असते."

मी रडू लागले. म्हटले, "माझ्यामुळं तुमचा पाय गेला."

तेव्हा त्यांनी वर पाहिले. शाळेत गणित समजावीत तसे शांतपणे म्हणाले, "पोरी, काच फुटली म्हणून पाय गेला नाही. काचा फुटायच्याच. काच आहे असं समजून मी खुंटीकडं वळलो, म्हणून गेला. नाही हे ठाऊक असतं, तर मी देवघरातली समई उशाशी ठेवून निजलो असतो. शेजारून विजेरी मागून आणली असती. निदान तुझ्या आजीला तरी सोप्यात निजवलं असतं. घरात एखादी गोष्ट नसली, तर चालतं. नाही हे एकालाच ठाऊक असलं, तर चालत नाही."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि चूक माझीही आहे. सांगायची तुला भीती वाटली, म्हणजे तसं घर मी केलं होतं."

त्या दिवाळीपासून अण्णांनी नाहीची यादी सुरू केली. ती मी सांगलीला घेऊन आले. पुढे अण्णा गेल्यावर तो कंदीलही आला.

आता कुणी म्हणेल, हे सारे भूकंपाच्या काळातले. आता कुठले कंदील आणि कुठल्या वाती? मीही तसेच म्हटले असते. पण सांगलीत राहून मी अंधार काही कमी पाहिला नाही. 2005 नंतरची ती भारनियमनाची वर्षे आठवतात ना? मुलांच्या परीक्षा मेणबत्त्यांवर झाल्या. इन्व्हर्टर नावाचा प्राणी तेव्हाच आमच्या घरात शिरला. मग ऑगस्ट 2019 चा महापूर. आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वेळी कृष्णा 57 फुटांच्याही वर गेली. घराबाहेर पाणीच पाणी आणि घरात प्यायला नाही, कारण टाकीत पाणी चढवणारा पंप विजेवर! तेव्हा मला साताऱ्याची आठवण झाली. तिथे कास तलावाचे पाणी डोंगरावरून उताराने आपल्या पायांनी गावात येई. साताऱ्यात दिवे गेले, तर फक्त दिवे जात. इथे दिवे गेले, की पाणी जाते, फोन जातो, जिन्यातला पाळणा बंद पडतो, दारावरची घंटा वाजत नाही. विजेने आपली किती कामे अंगावर घेतली आहेत, ते ती गेल्यावरच कळते. आमचा तासगावकडचा भाचा म्हणतो, "मामी, तुमची वीज जाते म्हणून तुम्ही रडता, आमची रात्री येते म्हणून आम्ही रडतो." मोटारीची पाळी रात्रीची असली, की ऐन थंडीत मफलर गुंडाळून, काठी आणि विजेरी घेऊन, तो द्राक्षबागेत पाणी द्यायला जातो. ज्याची त्याची यादी वेगळी!

आमच्या यादीत तीन वर्षांपूर्वी मोठी भर पडली. यांची फुप्फुसे थकली. हे आता सत्याऐंशीचे. यांच्या उशाशी ऑक्सिजनचे यंत्र आले. खोलीतल्याच हवेतून प्राणवायू वेगळा काढून ते नळीने नाकाशी देते. यंत्र गुणी आहे. पण त्याचा सगळा प्राण विजेत. मुलाने हिशेब करून मला समजावला. यंत्राला साधारण साडेतीनशे वॅट लागतात. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी दीडशे अँपिअर-तासांची. कागदावर पाच तास भरतात. पण बॅटरी जुनी, म्हणून तीन-साडेतीन तासच धरायचे. त्यापुढे सिलिंडर. लहान सिलिंडरात दीड हजार लिटर प्राणवायू. मिनिटाला दोन लिटर या मापाने बारा तास. त्याहीपुढे दवाखाना, म्हणून मोटारीत तेल कायम भरलेले. अण्णा असते, तर या हिशेबावर फार खूश झाले असते.

आणि माझा कंदील? मी तो मोठ्या दिमाखाने माळ्यावरून काढला, काच लखलखीत पुसली आणि यांच्या खोलीत न्यायला निघाले. नात दारातच आडवी झाली. "आजी, तो या खोलीत नाही चालायचा! ऑक्सिजन आहे. ठिणगी पडली तर भडका उडेल." माझा चेहरा उतरला, पण पोरीचे खरे होते. उदबत्तीसुद्धा त्या खोलीतून हद्दपार झाली आहे. तेव्हापासून तिथे सेलवरचा दिवा, आणि प्रभाकरराव सोप्यात. म्हणजे आमच्या बैठकीत हो! मी अजून तिला सोपाच म्हणते.

गेल्या डिसेंबरात पाटी लागली : गुरुवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, तारांच्या दुरुस्तीसाठी वीज बंद. आठ तास. घरात लढाईची तयारी झाली. टाकी भरली, पिंपे भरली. सगळ्यांचे फोन पोटभर चार्ज झाले. माझ्या आग्रहाने यांच्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी, दोन शाली, लोकरीचे मोजे. थंडीत श्वास आधीच आखडतो. अंग उबेत राहिले, की तो जरा मोकळा होतो. बुधवारी रात्री जेवणे झाल्यावर आम्ही यादीला बसलो. दिवाळीची एकदा झाली होती, ही खास.

सूनबाई म्हणाली, "गॅस पेटवायला काड्यापेटी नाही." लिहिले. मुलगा म्हणाला, "इन्व्हर्टरची बॅटरी नवी नाही." लिहिले. नात म्हणाली, "आजोबांच्या डॉक्टरांचा नंबर कागदावर नाही, फोन बंद पडला तर?" शाबास, लिहिले. मग पाळी आली बारा वर्षांच्या नातवाची. तो खाली मान घालून बसला होता. अंगठ्याने सतरंजीचा धागा उसकीत होता. मी ती मान ओळखली. सत्तावन्न वर्षांपूर्वीची, मोरीत बसलेली माझीच मान ती!

"बोल रे," मी म्हटले. "यादीत रागवायचं नसतं."

"चावी नाही," तो पुटपुटला.

"कसली चावी?"

"सिलिंडरची. सायकलचा नट आवळायला घेतली होती. ग्राउंडवर पडली कुठंतरी. आठ दिवस झाले."

खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल असे झाले. सिलिंडर भरलेला असला, तरी चावीशिवाय तो उघडत नाही. लोखंडी बाटली नुसती! मुलाचे तोंड उघडले. मी हात वर केला. त्याने ते मिटले. बाराव्या दिवशी अण्णांच्या मांडीवर होता, तो हाच. काही न बोलता त्याने चप्पल घातली, पोराला बरोबर घेतले, आणि तासाभरात दोघे औषधांच्या दुकानातून नवी चावी घेऊन आले. दोन आणल्या. एक सुतळीने सिलिंडरच्या गळ्यात बांधली.

गुरुवारी नऊला वीज गेली. साडेबाराला इन्व्हर्टरने शेवटचा सूर काढला आणि यंत्र थांबले. मुलाने चावी फिरवली; सूऽऽ आवाज झाला आणि यांच्या छातीचा भाता पुन्हा संथ चालू लागला. पाच वाजले. वीज आली नाही. सात वाजले. कुठे काही बिघडले होते म्हणे. बाहेर थंडी उतरली. सोप्यात प्रभाकर लागला, त्याच्या उजेडात सूनबाईने भाकऱ्या थापल्या, वांग्याचे भरीत केले. मुलांनी पत्त्यांचा डाव मांडला. आत मी यांच्या उशाशी काट्याकडे पाहत बसले होते. दहा, साडेदहा, अकरा. काटा खाली खाली सरकत होता. मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा राहिला. साडेअकराला काटा शेवटच्या घरात होता, तेव्हा दिवे आले. हे झोपेतून जागे होऊन म्हणाले, "काय झालं? एवढे सगळे का जमलात?"

नातू माझ्या कुशीत येऊन निजला. अंधारात हळूच विचारले, "आजी, मी सांगितलं नसतं तर?" मी म्हटले, "सांगितलंस ना. झोप आता."

हे सारे लिहिताना वाटते, मी स्वतःला मोठी शहाणी म्हणवून घेते आहे. म्हणून एक शेवटची गोष्ट सांगायला हवी. रात्री दोनला उठून यांचे यंत्र पाहायचे काम माझ्याकडे आहे. नळी निसटली नाही ना, पाण्याची बाटली रिकामी नाही ना, ते पाहायचे. घरातले सगळे त्यामुळे निश्चिंत झोपतात. "आजी काय, मांजरासारखी अंधारात चालते," असे माझे कौतुक होते. अण्णांनी डोळे मिटून खुंटीपर्यंत चालायला शिकवले होते, त्या पुण्याईवर मी चालते, ही गोष्ट खरी. पण गेल्या आषाढापासून मला रात्रीचे दिसत नाही. यंत्रावरचा हिरवा ठिपका दिसतो, बाटलीतले पाणी दिसत नाही. मी बोटाने चाचपते आणि ठीक असेल असे समजून परत येते. कुणाला बोलले नाही. कौतुक जाईल, काम जाईल, यांच्या उशाशी बसायचा हक्क जाईल, असे वाटत राहिले. म्हातारपणीही जात्यामागे तुकडे सारता येतात, वाचकहो!

परवा फराळाचे डबे भरून झाले. उद्या संध्याकाळी आम्ही यादीला बसू. कोरा कागद मी आजच खिळ्याला अडकवला आहे. दरवर्षी मुले आधी सांगतात आणि मी शेवटी. यंदा पहिली ओळ मी स्वतःच लिहून ठेवली : 'आजीला रात्रीचे दिसत नाही.' अक्षर जरा वाकडे आले आहे. पण सूनबाई चहा ठेवायला येईल, तेव्हा तिला वाचता येईल.